करंडक मोजू नका, कुठल्या ड्रॉमध्ये नाव लागतं ते बघा

निपाणीहून एका वडिलांनी विचारलंय. मुलगी साडेअकरा वर्षांची, चार वर्षं टेनिस खेळते, गेल्या महिन्यात कोल्हापुरात बारा वर्षांखालची टॅलेंट सिरीज जिंकून आली. घरात आता दोन तट पडलेत. मामा म्हणतात, अठराव्या वर्षी जगात पहिल्या शंभरात नसेल तर हे सगळं फुकट. एका कोचनी सांगितलंय, शाळा बंद करा आणि बंगळूरला बिऱ्हाड हलवा. वडिलांचा प्रश्न सरळ आहे: व्यावसायिक टेनिसपटूच्या कारकिर्दीत टप्पे कोणते, ते कुठल्या वयात यायला हवेत, आणि आम्हाला उशीर झाला का?

दादा, उशीर झालेला नाही. मला भीती वाटते ती घाईची. मी बेळगावच्या टिळकवाडीत पंचवीस वर्षं कोचिंग करतोय. त्याआधी चार वर्षं स्वतः स्पर्धा खेळत फिरलो आणि जागतिक रँकिंगचा एकही गुण न मिळवता घरी आलो. त्यामुळे या शिडीच्या खालच्या पायऱ्या मला वरच्यांपेक्षा चांगल्या ठाऊक आहेत, आणि तुम्हाला सध्या लागणार आहेत त्या खालच्याच.

पेपरात टप्पे म्हणून जे छापून येतं (पहिलं विजेतेपद, पहिली ग्रँड स्लॅम, नंबर वन) ते बातमीच्या सोयीचं असतं. खेळणाऱ्याचं गणित निराळं. आनंदवाडीच्या आखाड्यात मैदान भरतं तेव्हा पहिल्या नंबरची कुस्ती कुणाची, दुसऱ्या नंबरची कुणाची, हे पोस्टरवर आधीच छापलेलं असतं. नवख्या पोराला वाटतं, समोरच्याला चितपट केला की झालं. वस्ताद बघतो ते वेगळंच: या वर्षी याची जोड कुणाबरोबर लागली. टेनिस अगदी तसंच चालतं. प्रत्येक स्पर्धेला आधी प्रवेशयादी लागते, ती रँकिंगनं लागते, आणि यादीत कुठं रेघ पडते त्यावर तुम्ही मुख्य ड्रॉमध्ये (खऱ्या स्पर्धेच्या जोड्यांच्या तक्त्यात), क्वालिफाइंगमध्ये (त्याआधीच्या पात्रता फेरीत) की घरी, हे ठरतं. रेघेच्या वर गेलं की तीन गोष्टी एकदम बदलतात: समोर कोण येतं, जिंकल्यावर गुण किती मिळतात, आणि राहण्या-खाण्याचा खर्च कोण करतं. मी टप्पा म्हणतो तो याला.

आता तुमच्या मुलीच्या वयाचं बोलू, कारण इथंच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

बारा वर्षांखाली जिंकणाऱ्या मुली बहुतेक दोन प्रकारच्या असतात. काहींची उंची इतरांच्या आधी वाढलेली असते. काही न कंटाळता उंच, गोल बॉल टाकत राहतात. समोरची चिडते आणि चुकते. दोन्हींत वाईट काही नाही, पण पंधराव्या वर्षी बाकीच्यांचीही उंची वाढते आणि गोल बॉल खांद्यावरून ठोकला जातो. म्हणून तुमची लेक जिंकली हे ऐकून मला आनंद झाला, पण ती कशी जिंकली हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला तेच हवंय. तिची दुसरी सर्व्ह बघा. पहिली चुकल्यावर ती हात आखडून बॉल नुसता पलीकडे ढकलते, की हातोडा धरतात तशा ग्रिपनं पूर्ण हात फिरवून, बॉलला फिरकी देऊन मारते? दुसरं करत असेल आणि त्यापायी डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्ह चुकून गुण जाणं) होऊन सामने हरत असेल, तरी मी त्या मुलीवर पैसे लावीन. बारा ते चौदा या वयातला माझ्या लेखी सगळ्यात मोठा टप्पा हा एकच, आणि त्याला कुठं करंडक मिळत नाही.

शरीराचं सांगतो. मुलींची उंची याच वयात सगळ्यात झपाट्यानं वाढते. हाडं लांबतात, स्नायू मागे राहतात. टाच दुखणं, गुडघ्याखालचा उंचवटा दुखणं हे वाढीच्या जागेवर ताण आल्यानं होतं. बाम चोळून खेळवत राहू नका. सर्व्ह करताना कंबर मागे वाकते आणि वळते, त्यामुळे या वयात कण्याच्या खालच्या मणक्याला बारीक चीर जाण्याचा धोका असतो. कंबरदुखी दोन आठवड्यांत थांबली नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचंच. मी साधा नियम पाळतो: आठवड्याचे खेळाचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. बारा वर्षांची असेल तर बारा तास, त्यातच सामने धरायचे. आणि पाळी सुरू झाल्यावर बऱ्याच मुली कुणाला काही न सांगता खेळ सोडतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. कोच पुरुष असेल तर हे बोलणं वहिनींनी करायचं, आणि वेळीच करायचं. अधूनमधून हिमोग्लोबिन तपासून घ्या.

सीमाभागाचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच, म्हणून आधीच सांगतो. आपण कर्नाटकात, त्यामुळे राज्याचा संघ, राज्य अजिंक्यपद, राज्याचं रँकिंग हे सगळं कर्नाटकच्या संघटनेकडून, म्हणजे बंगळूरच्या कब्बन पार्कमधून चालतं. पण ऑल इंडिया टेनिस असोसिएशनच्या रँकिंगच्या स्पर्धा देशातल्या सगळ्यांना खुल्या असतात. टॅलेंट सिरीज, चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज, नॅशनल सिरीज अशी ती चढण आहे. निपाणीहून कोल्हापूर तासाभरावर, पुणे अडीचशे किलोमीटर, बंगळूर त्याच्या दुप्पट लांब. नोंदणी तिकडची असली तरी स्पर्धा जवळच्या धरा. रँकिंगला सीमा दिसत नाही. एक भानगड मात्र आपल्याकडे हमखास होते. जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला इंग्रजीत, आधारवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. वयाची तपासणी होते तेव्हा यातली एक 'ए' जास्त पडली तरी धावाधाव होते. माझ्या एका विद्यार्थ्याचा पासपोर्ट याच कारणानं पाच महिने अडकला आणि तेवढ्यात त्याचा अख्खा परदेशी हंगाम गेला. सगळे कागद एका स्पेलिंगचे आत्ताच करून ठेवा.

पावसाचं तर तुम्ही जाणताच. जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूर पट्ट्यात मातीचं कोर्ट म्हणजे भाताचं खाचर. आमचा रोलर त्या महिन्यांत गंजत पडलेला असतो. ते महिने पळणं, दोरी, ताकद यांना द्या. पूर्वेकडे पाऊस कमी होत जातो. शनिवार-रविवार धारवाडला हार्ड कोर्ट मिळालं तर सोनं. आणखी एक बारीक गोष्ट: आपण समुद्रसपाटीपासून बरेच वर आहोत, बेळगाव सातशे मीटरच्याही वर. विरळ हवेत बॉल जास्त पळतो. इथं खेळलेलं पोर मुंबई-चेन्नईला गेलं की म्हणतं, "सर, बॉल जाईनाच ओ." दोन दिवस आधी पोचायचं, एवढाच त्याला उपाय.

तेरा वर्षं पूर्ण झाली की आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धांचं दार उघडतं. त्यासाठी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा खेळाडू क्रमांक, ज्याला सगळे आयपिन म्हणतात, आणि पासपोर्ट लागतो. या स्पर्धांची नावंच त्यांची किंमत सांगतात: जे३०, जे६०, जे१००, असं करत जे५०० पर्यंत. जे३० जिंकली की ३० गुण. उत्तम सहा एकेरीचे गुण धरतात आणि दुहेरीतल्या उत्तम सहांचा चौथा हिस्सा मिळवतात. ज्युनियर ग्रँड स्लॅमचा मुख्य ड्रॉ ६४ चा असतो. तिथं पोचलेल्या मुलीच्या वडिलांनी छाती फुगवायला हरकत नाही. आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या: कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विम्बल्डनच्या चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत भारताकडून खेळली. त्या वर्षी माझ्याकडे दहा नवीन मुली आल्या. दोन टिकल्या. दोन म्हणजे चांगला आकडा, खरंच.

पण ज्युनियर यश म्हणजे पुढची हमी नव्हे, हे मामांना सांगा. युकी भांबरीनं २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची ज्युनियर एकेरी जिंकली, ज्युनियरमध्ये तो जगात पहिला होता. पुरुषांच्या पहिल्या शंभरात पोचायला त्याला २०१५ उजाडलं, आणि सर्वोत्तम क्रमांक ८३ आला तो २०१८ मध्ये. मधल्या वर्षांत दुखापतींनी त्याला किती वेळा खाली आणलं ते बघा. उलटीकडून प्रज्ञेश गुणेश्वरन: गुडघ्यांच्या दुखण्यानं ऐन उमेदीची वर्षं गेली, आणि तो शंभरात आला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. दुसऱ्या टोकाला सानिया मिर्झा. २००३ मध्ये विम्बल्डनची ज्युनियर दुहेरी, आणि अठराव्या वर्षी, २००५ मध्ये, हैदराबादला डब्ल्यूटीए, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेचं, विजेतेपद. त्याच वर्षी अमेरिकन ओपनची चौथी फेरी. २००७ मध्ये एकेरीत २७ वा क्रमांक. मामांच्या डोक्यात बसलेली सानियाच आहे. पण तशी आपल्याकडे एकच झाली, आणि एका माणसाच्या चालीवर सगळ्यांचं वेळापत्रक लावायचं नसतं.

चौदा पूर्ण होईपर्यंत मुलींना व्यावसायिक स्पर्धा खेळताच येत नाही. अठरापर्यंत वर्षाला किती खेळायच्या यावरही मर्यादा असते. ही मर्यादा उगाच नाही. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली, त्याच वर्षी फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी गाठली, सोळाव्या वर्षी ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं, आणि पुढं काही वर्षं ती खेळातून जवळजवळ नाहीशीच झाली. परतून ग्रँड स्लॅम जिंकायला तिला २००१ पर्यंत थांबावं लागलं. तिच्यानंतर नियम कडक झाले. बारा वर्षांच्या पोरीची शाळा सोडवायला सांगणाऱ्या कोचना हे ठाऊक असायला हवं.

यानंतर येतो तो टप्पा, जो मला स्वतःला कधी गाठता आला नाही: जागतिक रँकिंगचा पहिला गुण. महिलांच्या सगळ्यात खालच्या व्यावसायिक स्पर्धेला डब्ल्यू१५ म्हणतात, म्हणजे एकूण बक्षीस १५ हजार डॉलर. आपल्या बोलण्यात ती 'पंधरा हजारी'. मुख्य ड्रॉमध्ये एक सामना जिंकला की एक गुण, सगळी स्पर्धा जिंकली की १५. पण एक गुण मिळाला म्हणून लगेच रँकिंगमध्ये नाव येत नाही. तीन वेगवेगळ्या स्पर्धांत गुण लागतात किंवा एकूण निदान दहा व्हावे लागतात. ही छोटी अट फार मुलींना रडवते. विम्बल्डनच्या विजेतीला २००० मिळतात हे ऐकून हसू नका. पहिला एक मिळवायला जी जिद्द लागते तिची मोजदाद त्या दोन हजारांत होत नाही.

माझी गोष्ट सांगतो, म्हणजे कळेल. मी एकवीस वर्षांचा होतो. तेव्हा क्वालिफाइंगसाठी आदल्या संध्याकाळी सहापर्यंत स्वतः हजर राहून सही करावी लागायची. एका रात्रीचं लॉजचं भाडं वाचवायचं म्हणून मी त्याच दिवशी सकाळी निघालो. बस घाटात बंद पडली. मैदानावर पोचलो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि रेफ्रीनं यादी मिटलेली होती. त्यांचं काही चुकलं नाही. त्या आठवड्याला ड्रॉ इतका हलका लागला होता की मी ज्याला नेहमी हरवायचो तो पोरगा मुख्य ड्रॉमध्ये जाऊन गुण घेऊन आला. मी वडापाव खाऊन परतीच्या गाडीत बसलो. आता माझी पोरं दोन दिवस आधी निघतात, त्यात वाद नाही.

पंधरा हजारीतले पैसे बघा. विजेतीला सव्वादोन हजार डॉलरच्या आसपास, पहिल्या फेरीत हरणारीला दीडशे डॉलर. ट्युनिशियातल्या मोनास्टिरला अशा स्पर्धा आठवड्यामागून आठवडा चालू असतात, आपल्याकडच्या मुलीही तिकडे जाऊन तीन-चार आठवडे सलग खेळून येतात. विमान, हॉटेल, जेवण, रॅकेटच्या तारा. तीन आठवडे पहिल्या फेरीत हरलं तर जे हाती येतं त्यात एका आठवड्याची खोलीसुद्धा सुटत नाही. तुम्ही तंबाखूच्या धंद्यातले, माल कधी पडून राहतो आणि व्याज कधी चढतं हे मी तुम्हाला काय सांगणार. म्हणून घराजवळ स्पर्धा झाली की ती सोडायची नसते. २०२३ च्या ऑक्टोबरात धारवाडला पुरुषांची २५ हजार डॉलरची स्पर्धा झाली आणि रामकुमार रामनाथन जिंकला. आमची पोरं सकाळच्या बसनं जाऊन बॉल बॉयच्या मागे बसून बघत होती. डेव्हिस कपमध्ये देशाकडून खेळलेला माणूस त्या पातळीवर गुणांसाठी कसा घाम गाळतो, हे त्यांनी पहिल्यांदा बघितलं. त्यानंतर माझं बोलणं त्यांना जरा पटायला लागलं.

पंधरा हजारीच्या वर डब्ल्यू३५, डब्ल्यू५०, डब्ल्यू७५, डब्ल्यू१०० आणि मग डब्ल्यूटीए १२५. जाहिरातीत नावापुढे 'अधिक एच' असेल तर मुख्य ड्रॉतल्या खेळाडूंची राहण्याची सोय आयोजक करतात. खर्चाच्या वहीत हे एक अक्षर फार मोठं असतं. पुरुषांकडे हीच जागा चॅलेंजर स्पर्धांची.

आणि मग ती रेघ, जी माझ्या मते पूर्ण कारकिर्दीत सगळ्यात महत्त्वाची. ती शंभराची नाही, त्याच्या बरीच खाली आहे. ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये १२८ खेळाडू असतात. १०४ थेट रँकिंगनं, १६ क्वालिफाइंगमधून, ८ वाइल्ड कार्डनं, म्हणजे आयोजकांच्या खास निमंत्रणानं. क्वालिफाइंगचाही ड्रॉ १२८ चा. म्हणजे जगात साधारण दोनशे तीसच्या आत असलात तर वर्षातून चार वेळा ग्रँड स्लॅमच्या दारात उभं राहता येतं, आणि क्वालिफाइंगच्या पहिल्या फेरीत हरलात तरी जे मिळतं त्यात पुढचे कितीतरी आठवडे निघतात. मुख्य ड्रॉत शिरल्यावर तर बोलायलाच नको: २०२५ मध्ये विम्बल्डनला पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही ६६ हजार पौंड होते. पंधरा हजारीची सगळी रक्कम त्यात जवळजवळ सहा वेळा बसते.

या रेघेवर जगणं म्हणजे काय, ते सुमित नागलकडं बघून कळतं. २०१९ मध्ये अमेरिकन ओपनच्या पहिल्याच फेरीत त्यानं फेडररकडून एक सेट घेतला, देशभर फोटो छापून आले. २०२३ मध्ये त्यानंच सांगितलं की बँकेत ९०० युरो उरलेत, वर्षाच्या सुरुवातीला होते तेवढेच. तेव्हा तो भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता! चार महिन्यांनी, २०२४ च्या जानेवारीत, १३७ व्या क्रमांकावरून ऑस्ट्रेलियन ओपनच्या क्वालिफाइंगचे तीन सामने जिंकून मुख्य ड्रॉमध्ये गेला, ३१ वं मानांकन असलेल्या बुब्लिकला हरवलं, आणि दुसऱ्या फेरीचे एक लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर घेऊन आला. पुढच्या महिन्यात चेन्नईची चॅलेंजर जिंकून शंभरात, जुलैत ६८ वा. बातम्या बुब्लिकच्या आल्या. मी म्हणेन, त्याचं वर्ष त्या तीन क्वालिफाइंग सामन्यांनी फिरवलं, जे कुणी टीव्हीवर बघितलेसुद्धा नाहीत.

आणि गुण बावन्न आठवड्यांचेच असतात. यंदा कणगी भरली म्हणून पुढच्या सुगीला निवांत बसता येत नाही. त्याच आठवड्याला जुने गुण उतरतात, तेवढे नव्यानं पिकवावे लागतात. २०२५ च्या जानेवारीत नागल पहिल्या फेरीत हरला आणि शंभराबाहेर गेला. म्हणून 'पहिल्या शंभरात पोचणं' यापेक्षा 'तिथं दुसऱ्या वर्षीही असणं' हा मोठा टप्पा. त्याच्या वरचं, म्हणजे ३२ मानांकनांत येणं, मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं, तुम्ही सध्या टीव्हीवर बघा आणि आनंद घ्या. त्यावर सल्ला देण्याइतका मी मोठा नाही, आणि तुम्हालाही आज त्याचा उपयोग नाही.

दुहेरीला कमी लेखू नका. आपल्याकडे अजून लोक "दुहेरीच ना?" असं विचारतात, मला राग येतो. रोहन बोपण्णा आपल्याच राज्यातला, कोडगूचा. एकेरीत त्याची मजल २१३ पर्यंत गेली. दुहेरीत तो २०२४ च्या जानेवारीत त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून जगात पहिला झाला. सानियाही मनगट-गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांनंतर दुहेरीकडे वळली आणि २०१५ मध्ये पहिली झाली. आई झाल्यावर २०२० मध्ये होबार्टला परतली तीही विजेतेपद घेऊनच. युकीसुद्धा दुहेरीतच पुढं गेला, २०२५ मध्ये अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीपर्यंत. बारा वर्षांच्या मुलीनं आठवड्यातून एकदा तरी व्हॉली आणि नेटजवळचा खेळ करावा, तो यासाठी.

कॉलेजचा रस्ता हा 'टेनिस जमलं नाही म्हणून' घ्यायचा रस्ता नाही. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठात चार वर्षं शिकला, २००७ आणि २००८ अशी दोनदा अमेरिकन विद्यापीठांची एकेरी जिंकला आणि मग पुरुषांत ६२ व्या क्रमांकापर्यंत चढला. आपली ऋतुजा भोसले टेक्सासला शिकून आली आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं. तिकडचे कोच यूटीआर नावाचं मानांकन बघतात, आणि दहावी-बारावीचे गुणही बघतात. आता शाळा सोडायची का, याचं उत्तर यातच आलं. शाळा सोडायची नाही. आठवड्याला वयाइतके तास खेळ, स्पर्धेच्या आठवड्याला मुख्याध्यापकांकडून रजा, एवढ्यावर चौदापर्यंत भागतं. चौदानंतर ती खरोखर जे१०० खेळायला लागली तर मुक्त शाळेचा विचार करू.

बंगळूरचं म्हणाल, तर तिथली अकॅडमी चांगली असेलही. पण बिऱ्हाड हलवायची वेळ मी एका खुणेवरून ठरवतो: जवळपासच्या चार तालुक्यांत तिला सराव द्यायला कुणी उरलं नाही, मुलंसुद्धा नाहीत, असं झालं की. निपाणी-चिकोडीत ती वेळ लवकर येईल, बेळगाव-कोल्हापुरात इतक्यात नाही. तोवर सुट्टीत तीन आठवडे बंगळूर किंवा पुण्याला पाठवा, मोठ्या मुलींकडून मार खाऊन येऊ दे. २०२५ च्या एप्रिलात पुण्याला बिली जीन किंग कपचे, म्हणजे महिलांच्या देशादेशांतल्या सांघिक स्पर्धेचे, सामने झाले, तेव्हा मी नऊ मुलींना रात्रीच्या बसनं नेलं होतं. हैदराबादची श्रीवल्ली भमिदिपाटी एकेरीचे पाचच्या पाच सामने जिंकली. परतताना सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, ती सर्व्ह चुकल्यावर हसते की!" असं शिक्षण बिऱ्हाड न हलवताही मिळतं.

पंधराव्या वर्षी मुंबईच्या डब्ल्यूटीए १२५ मध्ये उपांत्य फेरी गाठलेल्या माया राजेश्वरनचं नाव तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. तिचं कौतुक करा, तुलना करू नका. त्याच वयाच्या हजार मुली कुठं होत्या हे कुणी छापत नाही.

सध्या काम एवढंच. पासपोर्टचा अर्ज टाका, स्पेलिंग जुळवून. बारा वर्षांखालचे उरलेले सहा महिने फक्त टॅलेंट सिरीज न खेळता निदान दोन वेळा चॅम्पियनशिप सिरीजला उतरवा, पहिल्या फेरीत हरली तरी चालेल. आणि येत्या रविवारी तिला घेऊन या. सकाळी सातला माझ्याकडे वीस दुसऱ्या सर्व्ह मारून दाखवू दे, वहिनींनाही आणा, त्यांच्याशी बोलायचंय. जुनी रॅकेट बरोबर ठेवा, ग्रिपचा आकार मोठा वाटतोय मला तुमच्या वर्णनावरून. सातला पोचायचं तर साडेपाचच्या आधी निपाणी सोडा. हायवेचं काम चालू आहे, वेळ लागतो.